बॉनेटखाली दुसरेच इंजिन

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगर नावाच्या नगराची नोंद आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर. तिथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरापर्यंत नेतात, असे त्या अनाम लेखकाने लिहून ठेवले. हे तगर म्हणजेच आजच्या धाराशिव जिल्ह्यातले, तेरणेकाठचे आणि गोरोबाकाकांचे तेर, ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली पक्की केली. तेरच्या लामतुरे संग्रहालयातल्या मृण्मूर्ती आणि हस्तिदंती वस्तू पाहिल्या की तो व्यापार किती दूरवर पसरला होता ते दिसते. तो माल वाहणाऱ्या गाड्यांबद्दल मात्र ग्रंथात एवढेच सापडते की त्या होत्या आणि वाट वाईट होती.

गाडीकडून इथल्या माणसाची अपेक्षा अजूनही फारशी वेगळी नाही. सहा दिवस सोयाबीनचे कट्टे, सरकी पेंड, तुषार सिंचनाचे पाइप. सातव्या दिवशी तीच गाडी झाडून-पुसून, मागे सतरंजी टाकून आजीसह सगळे घर तुळजापूरला. मधेच कधी रात्री-अपरात्री लातूरचा दवाखाना. कामाला एक आणि हौसेला एक अशा दोन गाड्या ज्याला परवडतात त्याने खुशाल ठेवाव्यात. बाकीच्यांना एकीतच दोन्ही लागते, आणि ती जरा पळणारीही असेल तर बरे, असे तरण्या पोरांना वाटतेच.

गाडी जुनी पण सांगाडा दणकट, इंजिन थकलेले. मग दुसऱ्या गाडीचे इंजिन हिच्यात बसवले तर? गॅरेजच्या बाकड्यावर या प्रश्नावर तासन्‌तास चर्चा रंगते. जगभर या छंदाला मोठी परंपरा आहे. नट आणि शर्यतपटू पॉल न्यूमन यांनी आपल्या व्हॉल्वो स्टेशन वॅगनमध्ये फोर्डचे व्ही-आठ इंजिन बसवून घेतले होते. बाहेरून पाहणाऱ्याला ती किराणा आणायला निघालेल्या गृहस्थाचीच गाडी वाटायची. १९९४ साली व्हॉल्वोने ८५० इस्टेट ही चक्क लांबट वॅगन ब्रिटनच्या टुरिंग कार शर्यतीत उतरवली. त्याच वर्षी ऑडीची आरएस-२ अवांत बाजारात आली. पोर्शच्या मदतीने घडवलेल्या, ३१५ अश्वशक्तीच्या त्या वॅगनच्या मागच्या डिकीत कुत्रे, सायकल आणि आठवड्याचा भाजीपाला सहज मावायचा.

महाराष्ट्रात हा प्रकार हौसेतून आला नाही, तो आला डिझेलच्या भावातून. आणि तो आधी गल्लीतल्या गॅरेजात नव्हे, मोठ्या कारखान्यांत झाला.

महिंद्रांनी विलीज जीप सुट्या भागांत आणून मुंबईत माझगावला जोडायला सुरुवात केली, तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता. जीपचे इंजिन पेट्रोलचे. पुढे आलेले ‘हरिकेन’ हे २.२ लिटरचे, सत्तरीच्या वर अश्वशक्तीचे. पेट्रोल स्वस्त होते आणि जीप बहुधा सरकारी होती, तोवर कुणाची तक्रार नव्हती. १९७३ च्या तेलसंकटात कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाला आणि तहान भागता न भागणारी ही जीप खासगी मालकाला परवडेनाशी झाली.

उपाय महिंद्रांच्या घरातच होता. १९६३ पासून कांदिवलीत इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत बी-२७५ ट्रॅक्टर तयार होत होते. त्या ट्रॅक्टरचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन जीपमध्ये बसवण्यात आले. ट्रॅक्टर कंपनी १९७७ मध्ये महिंद्रात विलीन झाली आणि नांगरटीचे इंजिन रस्त्यावर पक्के रुजले. त्याचा वाढीव अवतार २५२३ घनसेंटिमीटरचा. सिलिंडरचा व्यास साडेतीन इंच, पिस्टनची धाव चार इंच. इंग्रजी मापांवरून मूळ घराणे लगेच ओळखू येते. मराठवाड्यात ‘डीआय’ ही दोन अक्षरे जीपच्या नावाइतकीच ओळखीची झाली ती या इंजिनामुळे.

डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. डिझेलचा फवारा थेट पिस्टनच्या डोक्यावर पडतो. उष्णता वाया कमी जाते, म्हणून डिझेल कमी लागते. पण ज्वलन एकदम भडकते, म्हणून खडखडाट जास्त. ट्रॅक्टरवर तो खपून जातो. जीपमध्ये आरसा थरथरतो, दाराच्या काचा वाजतात आणि मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या माणसाचे गुडघे बोलू लागतात. त्यावर महिंद्रांनी दुसरी वाट शोधली. १९७९ साली फ्रान्सच्या प्युजो कंपनीशी करार करून एक्सडीपी ४.९० हे इंजिन घेतले. नावातच त्याचे माप आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटर व्यास. २११२ घनसेंटिमीटरच्या या इंजिनात डिझेल आधी सिलिंडर हेडमधल्या एका छोट्या कक्षात पेट घेते आणि मग खाली येते, त्यामुळे आवाज मऊ आणि फेरे जास्त. इंधन मात्र डीआयपेक्षा थोडे अधिक. एमएम-५४० जीपमध्ये हे इंजिन आले, त्याच्याच घराण्यातले २४९८ घनसेंटिमीटरचे पुढे पहिल्या बोलेरोत गेले.

गंमत म्हणजे जुने पेट्रोल इंजिन सत्तरीच्या वर होते आणि हे नवे प्युजो साठ-बासष्ट अश्वशक्तीचे. कागदावर गाडी मागे गेली. तरीही गिऱ्हाइकाने ती डोक्यावर घेतली, कारण त्याला हवा होता कमी फेऱ्यांतला जोर आणि एका टाकीत जास्त लांबचा पल्ला. इंजिन बदलताना अश्वशक्तीचा आकडा पहिला बघू नये, याचा महाराष्ट्रातला हा सर्वांत मोठा पुरावा.

आकुर्डीच्या बजाज टेम्पोची गोष्ट आणखी रंगतदार. मर्सिडीजच्या २४० डी या मोटारीत १९७३ पासून ओएम ६१६ नावाचे २.४ लिटरचे डिझेल इंजिन येई. जर्मनीत ही मोटार टॅक्सीवाल्यांची लाडकी. ऐंशीच्या दशकात फिरोदियांच्या या कंपनीने हे इंजिन परवान्याने इथे बनवायला घेतले आणि ते मॅटाडोरमध्ये, मग ट्रॅक्समध्ये घातले. धाराशिव, कळंब, लातूरच्या रस्त्यांवर वऱ्हाड वाहणारी, टपावर बॅगा आणि मागच्या शिडीला लटकलेली दोन पोरे अशी जी गाडी कित्येकांनी पाहिली आहे, तिच्या बॉनेटखाली मर्सिडीजचे रक्त होते. ट्रॅक्स आणि तिची थोरली बहीण क्रूझर यांना कुणी परफॉर्मन्स वॅगन म्हणणार नाही. पण दहा-बारा माणसे आणि त्यांचे सामान घेऊन वर्षानुवर्षे न थकता चालणे हाही एक परफॉर्मन्सच आहे, आणि त्या कसोटीवर ऑडी टिकली नसती.

मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सनेही हाच खेळ केला, पण शहरी चालीने. पद्मिनीचे ११०० घनसेंटिमीटरच्या आतले जुने फियाट इंजिन लोकांना तोंडपाठ होते. १९८५ मध्ये प्रीमियरने ११८ एनई आणली: अंग फियाट १२४ चे, तेही स्पेनच्या सिएट कंपनीकडून घेतलेल्या साच्यांवरचे, इंजिन जपानच्या निसानचे ए-१२, ११७१ घनसेंटिमीटर. नावातले ‘एनई’ हे ‘निसान इंजिन’चेच. इटलीचे अंग, स्पेनचे साचे, जपानचे हृदय आणि कुर्ल्याची जोडणी! पुढे पद्मिनीलाही सुमारे १.४ लिटरचे इटालियन डिझेल इंजिन देण्यात आले. ती गाडी इतकी सावकाश पळे की मागून येणाऱ्यालाच वेळ मिळे विचार करायला.

खरीखुरी कौटुंबिक स्टेशन वॅगन मात्र पुण्याने दिली. १९९२ ची टाटा इस्टेट. लांब टप, मागे भरपूर जागा, पॉवर स्टिअरिंग, विजेवर चालणाऱ्या काचा. त्या काळच्या मराठी मध्यमवर्गाला ती परदेशी चित्रपटातून उतरल्यासारखी वाटली. आतून ती टाटाच्याच पिकअपची बहीण होती, सांगाडा तिचा आणि इंजिनही तिचेच: ४८३, म्हणजे चार सिलिंडर आणि ८३ मिलिमीटर व्यासाचे १९४८ घनसेंटिमीटरचे डिझेल. दीड टनाहून जड गाडीला सत्तरीच्या आतली अश्वशक्ती. रूप राजबिंडे, पण चढावर दम लागायचा. याच इंजिनाला टर्बो जोडून शक्ती नव्वदीपर्यंत नेता येते हे टाटांनी नंतर स्वतःच दाखवले, १९९८ ची पहिली सफारी त्याच १९४८ घनसेंटिमीटरवर धावली. ज्या गाडीत आधी दुसरे इंजिन हवे होते अशा भारतीय गाड्यांची यादी केली तर इस्टेट पहिल्या तीनांत बसेल.

कारखान्यांनी वाट दाखवल्यावर गॅरेजवाले मागे कसे राहतील? पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन, अँबेसिडरमध्ये मॅटाडोरचे इंजिन असे उद्योग ठिकठिकाणी झाले. उत्तरेत पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचे डबवाली हे गाव तर जुन्या जीपना नवे अंग आणि नवे इंजिन देण्याबद्दलच ओळखले जाते. महाराष्ट्रात जुन्या सुट्या भागांसाठी लोक मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ धुंडाळतात. आज तेरसारख्या गावातल्या हौशी माणसाने कल्पना लढवली तर ती बहुधा एका ठरावीक जागी येऊन थांबते: जुनी बोलेरो आणि स्कॉर्पिओचे २१७९ घनसेंटिमीटरचे एमहॉक इंजिन. साठ-पासष्ट अश्वशक्तीच्या गाडीत एकशे वीस. एकाच कंपनीचे सगळे, दोन्ही नाशिककडचीच, मग अडचण काय?

अडचण कुठे आहे ते आकड्यांतून पाहू. माणसे आणि सामान धरून दोन टन वजनाची, उभ्या तोंडाची गाडी आहे, असे समजा. सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरने ती चालवायला चाकांपाशी साधारण ३६ अश्वशक्ती लागते. त्यातली पंचवीसेक केवळ हवा कापण्यात जाते. वेग १२० केला की गरज सत्तावन्नवर पोचते. वेग पाचव्या हिश्श्याने वाढला, पण शक्ती दीडपटीहून अधिक लागली, कारण हवेशी लढण्याची किंमत वेगाच्या घनाने वाढते. आता येडशी-रामलिंगच्या घाटासारखी चढण घ्या, वीसास एक एवढी. ताशी ६० ने चढायला सुमारे ३४ अश्वशक्ती. म्हणजे रोजच्या वापरात साठ-सत्तरचे इंजिन अगदीच अपुरे नाही. कमी पडते ते दोन वेळा: भरलेल्या गाडीने उसाचा ट्रॅक्टर ओलांडताना, आणि घाटात वेग एकदा तुटल्यावर तो परत धरताना. तिथे कामाला येतो टॉर्क, म्हणजे कमी फेऱ्यांत चाक फिरवणारा जोर. टर्बो डिझेल हवेहवेसे वाटते ते त्यासाठी. १२० च्या पुढचा वेग हा बोलेरोच्या अंगाचा प्रांतच नव्हे.

जोर वाढला की पहिला प्रश्न दातांचा. जुन्या जीपच्या मागच्या क्राउन-पिनियनचे गुणोत्तर ५.३८, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्टचे ५.३८ फेरे. चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरला, तर मिनिटाला ४००० फेरे घेणारे पेट्रोल इंजिन थेट गिअरमध्ये ताशी १०० गाठते. त्याच गाडीत ३२०० ला थांबणारे ट्रॅक्टरच्या वंशाचे डिझेल बसवले तर गाडी ८० वर कोंडते. इंजिन तर वरून ओरडत असते आणि मालक म्हणतो, ‘नवीन इंजिनात दम नाही.’ दम असतो, दात चुकलेले असतात. क्राउन-पिनियन ४.२७ चे केले की तेच इंजिन त्याच फेऱ्यांत शंभरी पार करते. उलट चूक केली, म्हणजे दात फार उंच ठेवले, तर कट्टे भरलेली गाडी शेतातल्या काळ्या चिखलातून पहिल्या गिअरमध्येही निघत नाही आणि क्लच प्लेटचा वास घरापर्यंत येतो. शेत आणि हमरस्ता दोन्ही सांभाळायचे, तर पाच गिअरचा गिअरबॉक्सही इंजिनाबरोबरच आणावा लागतो. एकटे इंजिन आणणारा माणूस अर्धाच सौदा करून येतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या घरचे असतील तर मधे लेथवर कापून केलेली जोडपट्टी लागते. ती दिसायला साधी लोखंडी चकती, पण क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आत जुळला पाहिजे. डायल गेज लावून हे मोजतात. नजरेने जुळवणाऱ्या मिस्त्रीच्या हाताला कितीही यश असो, काही हजार किलोमीटरनंतर बेअरिंग बोलू लागते. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांचे कोन सारखे राहिले नाहीत तर ठरावीक वेगाला बूड थरथरते, आणि मालक चाकांचे बॅलन्सिंग करत फिरतो.

वजनाचाही हिशेब आहे. तेरच्या माणसाला हा हिशेब नवा नाही, कारण त्याच्या गावावरून जाणारी रेल्वे त्यावरच उभी राहिली होती. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. रूळ अवघे अडीच फूट अंतराचे आणि हलके, यार्डाला ३० पौंडांचे. एवढ्या नाजूक रुळांवर भक्कम माल वाहायचा तर वजन पसरले पाहिजे, म्हणून कॅल्थ्रॉपने इंजिन असो की वाघिणी, कुठल्याच आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही असा नियम केला आणि इंजिनाला आठ चालती चाके दिली. पुढे २००७-०८ मध्ये रुंद रूळ आले तेव्हा जुन्या मार्गावर नुसते नवे इंजिन आणून भागले नाही. पूल, फलाट, वळणे, सगळेच नव्याने करावे लागले. मोटारीचेही तसेच. जड ओतीव लोखंडाचे डिझेल पुढे बसवले की पुढचे पाटे बसतात, स्टिअरिंग जड होते, ब्रेक मारताच तोंड खाली वाकते. पुढे एक पाटा वाढवून उंची परत येते, पण तसाच मागेही वाढवला तर रिकाम्या गाडीत मागे बसलेल्या आजीला त्याची शिक्षा होते. आठवड्यात सहा दिवस भरलेल्या आणि एक दिवस निम्म्या रिकाम्या चालणाऱ्या गाडीला मागे दोन टप्प्यांचे पाटे, म्हणजे वजन आल्यावरच खालचा जाड पाटा टेकेल अशी रचना, जास्त मानवते.

ब्रेकबद्दल तर बोलायलाच हवे, कारण हौशी मंडळी तिथेच कंजुषी करतात. ताशी ६० ऐवजी १०० वरून गाडी थांबवताना पावणेतीनपट ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते. जुन्या जीपच्या ड्रमना ही उष्णता पेलत नाही. घाट उतरताना एकदा तापले की पेडल खाली जाते आणि गाडी आपल्या मर्जीने चालते. पुढे डिस्क बसवल्याशिवाय जोरकस इंजिनाचा विचारच करू नये. त्यातही एक खोच आहे. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे आत पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, आपोआप तयार होते आणि ब्रेकचा बूस्टर तिच्यावर चालतो. डिझेलला तसला थ्रॉटल नसतो, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो. जुन्या बाजारातून इंजिन आणताना साधा अल्टरनेटर आला आणि पंप राहून गेला, तर ब्रेक दगडासारखा होतो आणि दोष ब्रेकवाल्याला दिला जातो.

डिझेल पंपातून उरलेले इंधन टाकीत परत जायला दुसरी नळी लागते. जास्त दाबाचे इंजिन फिरवायला स्टार्टर आणि बॅटरीही थोराड लागतात. इंधनातल्या उष्णतेचा जवळपास तिसरा हिस्सा पाण्यात उतरतो, म्हणून मोठ्या इंजिनाला मोठाच रेडिएटर आणि त्याला हवा खेचणारा पंखा नीट झाकणासह हवा. एप्रिल-मेमध्ये धाराशिवकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कुणाचा रेडिएटर छोटा राहिला आहे ते रस्त्याच्या कडेला कळते.

एमहॉकसारख्या कॉमन रेल इंजिनाने यात आणखी एक पदर घातला. जुने डीआय इंजिन चार नळ्या आणि एक वायर जोडली की चालू होई आणि बंद करायला एक दांडी ओढावी लागे. नव्या इंजिनाला संगणक असतो आणि तो आधी खात्री करून घेतो: किल्लीतली चिप बरोबर आहे का, पेडलच्या सेन्सरचा आकडा जुळतो का, डिझेलचा दाब पुरेसा वाढला का. एक उत्तर चुकले की इंजिन सुरूच होत नाही, किंवा लंगडत चालते. म्हणून जाणकार सुटे इंजिन घेत नाहीत. वायरिंगचा पूर्ण गुच्छ, संगणक, किल्ली, पेडल, मीटर सगळे एकाच अपघातग्रस्त गाडीतून घेतात. पूर्वी इंजिन बदलणारा मिस्त्री लेथवाल्याचा मित्र असे, आता त्याला वायरमनशी सोयरीक करावी लागते.

हे सारे जमले तरी शेवटचा घाट उरतो, तो आरटीओचा. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणीपत्रातला तपशील आणि निर्मात्याने ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ आणखी ठाम केला. २०१९ च्याच दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. खराब झालेल्या इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन घालायला मुभा आहे, पण आधी परवानगी घेऊन आणि नवा इंजिन क्रमांक नोंदवून. बोलेरोचे डीआय जाऊन बोलेरोचेच डीआय आले तर एमएच-२५ च्या कचेरीत काम होऊ शकते. तिथे एमहॉक घेऊन गेल्यास कागदच अडतो. महिंद्रा, टाटा किंवा फिरोदियांनी केलेली अदलाबदल कायदेशीर, कारण निर्मात्याला गाडीचा नमुना चाचणी संस्थेकडून मंजूर करून घेता येतो; पुण्याची, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय हे काम करते. एकट्या मालकाला एका गाडीसाठी तो खर्च झेपत नाही. आणि विमा कंपनी अपघातानंतर इंजिन क्रमांक तपासते, हे बाकड्यावरच्या चर्चेत कुणी काढत नाही. कुटुंब बसवायच्या गाडीत हा धोका घेऊ नये, असेच कोणताही शहाणा माणूस सांगेल. ज्याला टर्बोचा जोर हवा आहे त्याने जुनी स्कॉर्पिओच शोधावी; इंजिन, दात, ब्रेक आणि कागद तिथे आधीच एकमेकांना ओळखतात.

कायद्याने एक दार मात्र उघडे ठेवले आहे. त्याच कलम ५२ मध्ये इंधनाचा किंवा ऊर्जेचा प्रकार बदलणाऱ्या मंजूर किटला जागा आहे: सीएनजी, एलपीजी आणि बॅटरी. एआयएस-१२३ या मानकानुसार तपासलेले विजेचे किट अधिकृत केंद्रात बसवले आणि नोंदणीपत्रात तशी नोंद झाली, तर डिझेल इंजिन काढून मोटर घालणे हा आजच्या भारतातला बऱ्यापैकी सरळमार्गी इंजिनबदल ठरतो. मोटरला टॉर्क शून्य फेऱ्यांपासूनच मिळतो, म्हणजे चिखलातून निघताना आणि घाटात वेग धरताना जे हवे तेच. प्रश्न पल्ल्याचा. मघाच्याच दोन टनांच्या उभ्या तोंडाच्या गाडीला ३० किलोवॉट-तासांची बॅटरी दिली, तर ताशी ६० ने तिला सपाटीवर नऊ किलोवॉटच्या आसपास लागतात. मधले नुकसान धरून पावणेदोनशे किलोमीटर निघतील. तेरहून धाराशिव, तुळजापूर आणि परत हे सहज होते. ताशी १०० ने पुण्याला निघाल्यास तीच बॅटरी शंभरेक किलोमीटरवर उतरते, आणि पुणे त्याच्या दुपटीहून दूर आहे.